बुरशी लागलेल्या सहा कॅसेट आणि 'कुणाला देऊ नका' (जुने अमेरिकी गेम शो)

फीतवेडी

जुन्या टीव्हीबद्दल इथे जीव लावून लिहिणारी मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्याकडे अमेरिकी गेम शोंच्या ४१ व्हीएचएस कॅसेट आहेत. १९९०च्या दशकाच्या शेवटी टपालाने देवाणघेवाण करून जमवलेल्या. नव्या लोकांसाठी सांगते, तेव्हा आपल्या संग्रहाची यादी टाइप करून पाठवायची, समोरच्याची यादी यायची आणि मग 'तुमचे दोन तास, माझे दोन तास' असा हिशोब ठरायचा. द्यायला काहीच नसेल तर दोन कोऱ्या कॅसेट पाठवायच्या. एक भरून परत यायची, दुसरी देणाऱ्याने ठेवायची. माझी सुरुवात तशीच झाली. मॅच गेम, कार्ड शार्क्स, प्रेस युअर लक, सगळं असं एकेक करून आलं.

यातल्या सहा कॅसेट एका वयस्कर संग्राहकांकडून आल्या. त्यांनी सोबत चिठ्ठी ठेवली होती: 'या फक्त तुमच्यासाठी. मी सांगेपर्यंत कुणाला कॉपी देऊ नका.' मी दिल्या नाहीत. पुढे पत्रव्यवहार थांबला. माझं शेवटचं पाकीट परत आलं, त्यालाही बरीच वर्षं झाली.

परवा कपाट आवरताना त्या सहा काढल्या. दोन कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसतेय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वाचवायच्या कशा? आणि दिलेल्या शब्दाचं काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाने झोप उडाली आहे.

मुंग्या_मुंग्या

सगळ्यात आधी: त्या कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती भुकटी म्हणजे बुरशी. एकदा लावलीत की ती फीत वाचणाऱ्या हेडवर बसेल, आणि नंतर त्याच मशीनमध्ये जाणाऱ्या चांगल्या कॅसेटनाही लागेल. त्या दोन्ही वेगळ्या पिशवीत बंद करा आणि उरलेल्या ३९ पासून दूर, कोरड्या जागी ठेवा. बाकी आज रात्री सविस्तर लिहितो.

आणि सगळ्या कॅसेटच्या पाठीमागची प्लास्टिकची खिट्टी तोडलेली आहे का बघा. नसेल तर आत्ता तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन भाग गेल्याच्या कहाण्या प्रत्येक संग्राहकाकडे आहेत.

रात्रपाळी

विषय नवीन आहे माझ्यासाठी, म्हणून मनापासून विचारतो. हे कार्यक्रम वाहिन्यांकडे असतीलच ना? जुने भाग पुन्हा दाखवणाऱ्या वाहिन्याही आहेत असं वाचलंय. मग घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटची एवढी काळजी का?

जुना_अँटेना

रात्रपाळी, प्रश्न योग्य आहे. उत्तर लांब आहे, पण हे कळलं नाही तर या छंदातलं काहीच कळत नाही.

अँपेक्स कंपनीचा व्हिडिओ फीत रेकॉर्डर १९५६ मध्ये आला. त्याची फीत दोन इंच रुंद आणि फार महाग. वाहिन्यांच्या दृष्टीने दुपारचा गेम शो म्हणजे एकदा दाखवला की संपलेली गोष्ट. तीच फीत पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरणं त्यांना शहाणपणाचं वाटायचं. त्याआधीची पद्धत किनेस्कोपची होती, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून पडदाच चित्रित करायचा. त्या फिल्मही जागा अडवतात म्हणून फेकल्या गेल्या.

जेपर्डीचं उदाहरण घ्या. निर्माता मर्व्ह ग्रिफिनचा हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर ३० मार्च १९६४ ला सुरू झाला आणि जानेवारी १९७५ पर्यंत चालला. सूत्रसंचालक आर्ट फ्लेमिंग. एकूण २,७५३ भाग. आज त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पूर्ण बघायला मिळतात. अकरा वर्षं रोज लोकांच्या घरात येणारा माणूस, आणि त्याचं काम जवळजवळ सगळं पुसलं गेलं. मला याचा अजूनही त्रास होतो.

मॅच गेमचं दैव दोन तऱ्हांचं. १९६२ ते १९६९ मधला एनबीसीवरचा मॅच गेम मोजक्या भागांपुरता उरला, आणि १९७३ ला सीबीएस वाहिनीवर आलेला जवळजवळ सगळा आहे. सूत्रसंचालक दोन्हीकडे जीन रेबर्नच. फरक इतकाच की मधल्या काळात सीबीएसने फिती पुसणं थांबवलं होतं.

व्हॉट्स माय लाइन वाचला तो निर्मात्यांमुळे. १९५०चा कार्यक्रम. १९५२ च्या सुमारास गुडसन आणि टॉडमन यांना कळलं की किनेस्कोप नष्ट होताहेत. त्यांनी स्वतः पैसे भरून ते राखायला लावले. त्याआधीच्या भागांतले थोडेच राहिले. शेवटच्या वर्षी, १९६६-६७ मध्ये, हा कार्यक्रम रंगीत प्रसारित व्हायचा. त्या रंगीत फिती पुसल्या गेल्या, म्हणून आपण ते भाग किनेस्कोपवर कृष्णधवल बघतो.

घरगुती रेकॉर्डर खऱ्या अर्थाने पसरले ते बीटामॅक्सपासून, १९७५ नंतर. व्हीएचएस अमेरिकेत १९७७ ला. त्याआधीचं काही घरात उरलंय ते बहुधा नुसता आवाज: कुणीतरी टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला. चित्र नाही, पण घंटा, टाळ्या, सूत्रसंचालकाचा श्वास आहे. मी तेही जमवतो.

उलटगणती

अँटेना, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

यात पुनःप्रसारणाची भर घालते. गेम शो नेटवर्क १ डिसेंबर १९९४ ला सुरू झालं आणि आमच्यासारख्यांचे व्हीसीआर रात्रंदिवस चालू लागले. मग ऑक्टोबर १९९७ ला गुडसन-टॉडमनच्या संग्रहाचे हक्क नेटवर्ककडून गेले आणि एप्रिल १९९८ पर्यंत ते शो जवळजवळ गायब होते. संग्राहक त्याला आजही 'अंधारकाळ' म्हणतात. ज्यांनी आधी रेकॉर्ड केलं होतं त्यांच्याकडे तेव्हा मागण्यांचा पूर आला.

आणि पुनःप्रसारण म्हणजे मूळ प्रसारण नव्हे. नव्या जाहिरातींना जागा हवी म्हणून भाग कापले जातात. शेवटची नामावली दाबून पडद्याच्या कोपऱ्यात ढकलतात आणि वर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात बोलत राहते. बक्षिसं देणाऱ्या कंपन्यांची लांबलचक यादी, तिकिटं कुठे मिळतील त्याची सूचना, हे सगळं आधी जातं. प्राइस इज राइटच्या ज्या जुन्या भागांत फरचे कोट बक्षीस होते ते तर सूत्रसंचालक बॉब बार्करच्या विरोधामुळे पुन्हा दाखवलेच जात नसत. म्हणून कुणाच्या घरी मूळ दिवशी, जाहिरातींसकट रेकॉर्ड झालेली कॅसेट असेल तर तिची किंमत वेगळी.

कोरी_कॅसेट

फीतवेडी ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण त्यात मी पोळलोय.

शब्द दिलाय ना, मग तो पाळा. 'कुणाला देऊ नका' हे लोक उगाच म्हणत नसत. पुष्कळदा मूळ कॉपी स्टुडिओत किंवा केंद्रावर काम करणाऱ्या एखाद्याने जोखीम घेऊन दिलेली असायची. कॉपी फुटली की त्याची नोकरी जाणार, आणि ती वाट सगळ्यांसाठीच बंद होणार. शिवाय विकणारे होते. आपण प्रेमाने दिलेली कॅसेट महिन्याभरात कुणाच्या तरी विक्रीच्या यादीत दिसायची. माझ्या एका कॅसेटचं असं झालं. ज्यांनी मला ती दिली होती त्यांनी त्यानंतर माझ्याशी बोलणंच सोडलं. चूक माझी होती, मी न विचारता पुढे दिली होती. ते नातं पुन्हा जुळलं नाही.

उलटगणती

कोरी_कॅसेट, तुमचं दुःख समजतं. पण मला दुसरी बाजू तितक्याच जोराने मांडायची आहे. मी अशी दोन कपाटं पाहिली आहेत जी मालकाबरोबर संपली. घरच्यांना काही माहीत नव्हतं, सगळं भंगारात गेलं. यादीत ज्या भागांपुढे 'देवाणघेवाणीसाठी नाही' असं लिहिलेलं होतं, ते आता कुणाकडेच नाहीत. वाहिनीने फीत पुसली काय आणि आपण कपाटात सडू दिली काय, बघणाऱ्याला भाग मिळत नाही तो नाहीच.

फिती सडताहेत. ताईंच्या दोन कॅसेटना बुरशी दिसतेय. इथे वाट बघणं हासुद्धा एक निर्णय आहे.

रात्रपाळी

कायद्याचं काय पण? १९८४ च्या निकालाबद्दल ऐकलंय.

जुना_अँटेना

१७ जानेवारी १९८४, सोनी विरुद्ध युनिव्हर्सल, ५ विरुद्ध ४. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसारित कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा न्याय्य वापर आहे. निकाल तेवढ्यापुरता होता. कॉपी करून वाटण्याला त्याने परवाना दिला नाही, हक्क मालकांचेच राहिले. म्हणून या वर्तुळात पैसे घेऊन विकणं पहिल्यापासून निषिद्ध मानलं गेलं.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायकल लार्सन हा ओहायोतला आइस्क्रीमची गाडी चालवणारा माणूस. त्याने घरी प्रेस युअर लकचे भाग रेकॉर्ड केले आणि पुन्हा पुन्हा थांबवून बघितले. बोर्डावरच्या १८ चौकोनांत फिरणारा दिवा स्पर्धकाने बटण दाबून थांबवायचा, आणि तो फिरताना यादृच्छिक वाटायचा. प्रत्यक्षात तो पाचच ठरावीक क्रमांनी फिरत होता. लार्सनने ते पाठ केले आणि १९ मे १९८४ च्या चित्रीकरणात १,१०,२३७ डॉलर जिंकले. भाग लांबला म्हणून ८ आणि ११ जून असा दोन दिवसांत दाखवावा लागला. पुढे जवळजवळ वीस वर्षं वाहिन्यांनी तो पुन्हा दाखवला नाही. त्या काळात तो जिवंत राहिला तो आपल्यासारख्यांच्या कॉपीच्या कॉपींवर. माझ्याकडची पहिली कॉपी बहुधा पाचव्या पिढीची होती: रंग कडेबाहेर सांडलेले, आकडे वाचता येत नव्हते, लार्सनचा चेहरा म्हणजे गुलाबी डाग. तरी मी ती कितीदा बघितली असेन!

आता मूळ मुद्दा. ताई, चिठ्ठीत 'कुणाला कॉपी देऊ नका' असं आहे. 'कॉपी करू नका' असं नाही. तुम्ही स्वतःसाठी डिजिटल प्रत केलीत तर शब्द कुठे मोडतो? आधी वाचवा. देण्याचा प्रश्न त्यानंतर.

कोरी_कॅसेट

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि सहा कॅसेटमध्ये काय आहे त्याची यादी जाहीर करायलाही हरकत नसावी. अमुक भाग अस्तित्वात आहे एवढं कळलं तरी शोधणाऱ्याला धीर येतो.

फीतवेडी

अँटेना दादा, इतका साधा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. सहाही कॅसेट आधी माझ्यासाठी वाचवते. त्यांच्या जुन्या पत्त्यावर पुन्हा एकदा लिहिते, पाकिटावर 'कुटुंबीयांसाठी' असं घालून.

मुंग्या_मुंग्या

कबूल केल्याप्रमाणे.

बुरशीवाल्या दोन: कोरड्या हवेत राहिल्या की बुरशी वाळते आणि पुसता येते. ओली असताना पुसाल तर पसरेल. तोंडाला मास्क लावा, काम घराबाहेर करा. व्हीएचएसच्या पाठीमागे पाच स्क्रू असतात. ते काढून दोन्ही रिळं उचला आणि स्वच्छ कॅसेटच्या सांगाड्यात बसवा. फीत हळू गुंडाळत मऊ, कोरड्या कापडाने कडा पुसा. यासाठी एक जुनं, गमावलं तरी चालेल असं मशीन वेगळं ठेवा. हात थरथरत असेल तर हे काम माहीतगाराला द्या, पण टाळू नका.

कॅप्चर, म्हणजे संगणकात उतरवणं: शक्य असेल तर एस-व्हीएचएसचा चांगला व्हीसीआर, आतला टाइम बेस करेक्टर चालू करून. हा नसेल तर उभ्या रेघा थरथरतात आणि कॅप्चर कार्ड मध्येच फ्रेम सोडतं. अमेरिकी कॅसेट एनटीएससी असतात, म्हणजे ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण ६० फील्ड (अर्धी चित्रं). त्या एनटीएससीतच घ्या, आपल्याकडच्या पाल पद्धतीत बदलू नका. पालचे काही व्हीसीआर त्या चालवून दाखवतात, पण कॅप्चर कार्डाला तो सिग्नल पुष्कळदा पचत नाही. मूळ फाइल ७२०×४८०, इंटरलेस्ड, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस (काहीही न गमावणाऱ्या) प्रकारात. मोठी होईल, होऊ द्या. बघण्यासाठी वेगळी छोटी प्रत करा आणि त्यात सेकंदाला ६० फ्रेम ठेवा. लोक ३० करतात आणि फिरत्या चाकाची सगळी लय मरते. स्टुडिओतल्या व्हिडिओ कॅमेऱ्याची ती सरसर हीच तर त्या काळाची ओळख.

धारदार करणारे फिल्टर मूळ फाइलवर लावू नका. आजकाल यंत्राने चेहरे 'सुधारलेले' भाग फिरताहेत. त्यात स्पर्धकांना नवीनच डोळे आलेले असतात. ते जतन नव्हे.

कॅसेट ईपीमध्ये, म्हणजे सगळ्यात संथ वेगात असेल (टी-१२० कॅसेटवर सहा तास) तर ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली त्याच्याशी ट्रॅकिंग जुळायला वेळ लागतो. हातानेच जुळवा. हाय-फाय आवाजात खरखर आली तर साध्या लिनिअर ट्रॅकवर जा.

आणि नोंद: कुणाकडून आली, कितवी पिढी, कोणत्या मशीनवर कॅप्चर केली. फाइलच्या शेजारीच लिहून ठेवा.

फीतवेडी

तीन आठवड्यांनी येतेय. सहापैकी चार झाल्या. बुरशीवाली पहिली कॅसेट साफ करायला दोन पूर्ण रविवार गेले. मुंग्या, तुमची सूचना छापून टेबलावर ठेवली होती.

तिच्यात काय निघालं ते ऐका. लेबलवर नुसतं 'व्हील, दिवसाचे' असं आहे, म्हणजे चाक फिरवून शब्द ओळखायचा व्हील ऑफ फॉर्च्युन, दिवसा दाखवला जाणारा. ईपी, जाहिरातींसकट, चार भाग. सूत्रसंचालक पॅट सेजॅक आहे, अक्षरं उलटणारी व्हॅना व्हाइट आहे. जिंकलेल्या पैशांतून बक्षिसं खरेदी करण्याची पद्धत चालू आहे. एका बाईंनी उरलेल्या पैशांत चिनी मातीचा डाल्मेशियन कुत्रा घेतला आणि मी एकटी खोलीत टाळ्या वाजवल्या. पण तारीख कुठेच नाही. कुणी मदत कराल?

उलटगणती

व्हॅना म्हणजे १३ डिसेंबर १९८२ नंतरचं. दिवसाच्या व्हीलवर सेजॅक जानेवारी १९८९ पर्यंत. सहा वर्षांचा पट्टा झाला. जाहिराती बघा, जाहिराती! निवडणूक, सण, खेळ, काहीही.

फीतवेडी

अध्यक्षपदाचा उमेदवार मॉन्डेल याच्या प्रचाराची जाहिरात आहे. आणि हॅलोविनच्या गोळ्या-चॉकलेटची.

जुना_अँटेना

मग १९८४चा शरद ऋतू. मतदान ६ नोव्हेंबरला होतं. चारही भागांत मध्येच येणारं छोटं बातमीपत्र आहे का? एनबीसी दिवसा मिनिटभराचं देत असे.

फीतवेडी

तिसऱ्या भागानंतर आहे. तिथे फीत चुरगळलेली होती म्हणून मी ते पुढे ढकललं होतं. आत्ता हळूहळू लावून बघितलं.

निवेदक इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी देतोय. 'आज' म्हणतोय.

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार.

मी बराच वेळ काही केलं नाही. आपल्या सगळ्यांच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं ते आठवत बसले. आणि त्याच दिवशी दूर कुणाच्या तरी घरात चाक फिरत होतं, मिनिटभर ही बातमी आली, आणि पुन्हा चाक फिरायला लागलं. कुणाला सुचलं म्हणून ते फितीवर राहिलं.

रात्रपाळी

अंगावर काटा आला. मी विचारलं होतं ना, घरच्या कॅसेटची काळजी का. आता विचारणार नाही.

कोरी_कॅसेट

वाहिनीच्या मूळ फितीवर तो कार्यक्रम असला तरी हे बातमीपत्र त्यावर असणार नाही. ते फक्त त्या दिवशी हवेतून उतरलेल्या रेकॉर्डिंगमध्येच मिळतं. ताई, त्या काळातले दिवसाचे व्हील देवाणघेवाणीत फारच कमी दिसतात. जपून ठेवा. त्या पत्राचं काही कळलं का?

फीतवेडी

काल उत्तर आलं. त्यांच्या पुतणीचं. ते चार वर्षांपूर्वी गेले. पाकीट नव्या पत्त्यावर फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचलं.

त्यांनी एका वहीत प्रत्येक कॅसेट कुठून आली ते लिहून ठेवलं होतं. व्हीलची कॅसेट त्यांनी स्वतः घरी रेकॉर्ड केली होती, तेव्हा 'त्या कॅसेटपुरती अट मी उठवते' असं पुतणी म्हणते. उरलेल्या पाचांपुढे वहीत दुसऱ्या एका माणसाचं नुसतं आद्याक्षर आणि 'वचन' असा शब्द आहे. तो माणूस कोण, हे तिला माहीत नाही. त्या पाच मी वाचवून ठेवणार, यादी देणार, कॉपी कुणाला देणार नाही. उलटगणती, तुम्हाला हे पटणार नाही याची कल्पना आहे.

उलटगणती

पटत नाही. पण निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही त्या सडू देत नाही आहात, यात माझं निम्मं भांडण संपलं. एक विनंती करते. त्या पाचांच्या प्रती एखाद्या संस्थेत 'आत्ता दाखवायच्या नाहीत' या अटीवर ठेवता येतील का, ते विचारा. रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात २०२१ मध्ये खास गेम शोंच्या इतिहासाचं दप्तर सुरू झालंय. निदान तुमच्या कपाटाबाहेर एक प्रत असेल.

फीतवेडी

हे मी नक्की विचारते. शब्दही राहील आणि फीतही.

अजून एक. पुतणीकडे तळघरात त्यांच्या तीनशेच्या वर कॅसेट आहेत. काय करायचं ते तिला कळत नाही, टाकून द्यायचा विचार होता. मी हात जोडून थांबवलंय. तिने वहीची सगळी पानं फोटो काढून पाठवली आहेत. २२ पानं, बारीक अक्षर, बरेच भाग संक्षेपाने लिहिलेले. आधी ही यादी टाइप व्हायला हवी, म्हणजे पहिल्यांदा कोणत्या कॅसेट वाचवायच्या ते ठरवता येईल. मला एकटीला महिना लागेल.

जुना_अँटेना

पान १ ते ५ मला पाठवा. त्यांचे संक्षेप मला लागतील, आमचाही पत्रव्यवहार होता.

मुंग्या_मुंग्या

६ ते ९. आणि ज्या नोंदींपुढे ईपी किंवा १९८५ च्या आधीचं साल असेल त्यांना सगळ्यांनी लाल खूण करा.

उलटगणती

१० ते १५ माझी.

कोरी_कॅसेट

१६ ते १९. 'वचन' लिहिलेल्या नोंदी मी वेगळ्या रकान्यात घेतो.

रात्रपाळी

मला यातलं फार काही कळत नाही, पण टायपिंग बरं आहे. २० ते २२ द्या. अक्षर लागलं नाही तर इथेच विचारीन.